लंगडी घालण्याचे दिवस

सकाळी कपडे वाळत टाकायला बाल्कनीत गेले, तर खाली सोसायटीच्या मोकळ्या जागेत वॉचमन फक्की मारत होता. पत्र्याच्या डब्याला बुडाशी भोकं पाडलेली. डबा हलवत हलवत तो मागे सरकत होता आणि त्याच्यापुढे पांढरी रेघ उमटत होती. रेघ वाकडी. शेजारी उभ्या असलेल्या दोन शिक्षिका त्याला ‘भैया, सीधा, सीधा’ म्हणत होत्या. माझ्या सईच्या शाळेचं मैदान यंदा कसल्याशा पाइपांसाठी खोदून ठेवलंय, म्हणून स्पर्धांचा सराव आमच्या आवारात. चौकोन पुरा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा लंगडीचा चौकोन आहे. चौथ्या मजल्यापर्यंत फक्कीचा वास येत नाही, पण माझ्या नाकाला तो आलाच.

वास आला, एवढंच. बाकी काही वाटलं नाही. दरवर्षी पनवेलला थंडी पडली (थंडी कसली, पहाटे पंखा एक नंबरवर आणायचा आणि अंगावर चादर घ्यायची, इतकीच आमची थंडी) की मी जरा वाट बघते. काहीतरी वाटेल, रडू येईल, गेला बाजार चिडचिड तरी होईल. दाताच्या डॉक्टरकडून परत येताना आपण गाल चाचपून बघतो ना, बोटाला गाल कळतो पण गालाला बोट कळत नाही, तसं मी त्या एका वर्षाला चाचपून बघते. वर्ष तिथे आहे. त्याला माझं बोट कळत नाही.

ते वर्ष माझ्या दहावीचं. दोन हजार साल उलटून फार दिवस झाले नव्हते, नवीन पनवेलच्या इमारती अजून नव्या दिसत होत्या आणि आमच्या शाळेच्या मैदानावर सकाळी पाय ठेवला की माती गार लागायची. अनवाणीच खेळायचं. युनिफॉर्मचा पंजाबी ड्रेस, ओढणी तिरपी घेऊन कमरेला गच्च बांधलेली, वेण्या वर. गावंडसर खेळ शिकवायचे. ते आम्हा सगळ्यांच्या तळहातावर चिमूटभर ग्लुकोज ठेवायचे आणि ते चाटून संपायच्या आत शिट्टी वाजवायचे. मग चौकोनात एका पायाचे धप धप आवाज. त्या आवाजाची मजा अशी, की तो ऐकून कोण येतंय ते पाठमोरं असतानाही कळायचं. माझा आवाज थांबत थांबत यायचा. हेमाचा एकसारखा यायचा, आणि तो जवळ आला की पळणाऱ्या मुली आपणहून किंचाळायच्या.

हेमा करंजाची. तिच्या बापाची होडी होती, आई धक्क्यावर मासळी विकायची. आठवीपासून तिला पनवेलला मामाकडे ठेवली होती, शाळा बरी म्हणून. सकाळी ती मामीबरोबर मासळी बाजारात बसायची, तिथून धावत शाळेत यायची, आणि पहिल्या तासाला तिच्या बाकावर कुणी बसायला तयार नसायचं. मी बसायचे, कारण माझं नाक तेव्हा बारमाही चोंदलेलं असायचं. मैत्री अशीच होते, त्यात थोर काही नव्हतं. ती मला मने म्हणायची, मनीषा हे नाव तिला लांबलचक वाटायचं.

लंगडी सगळ्यांना ठाऊक असते, तरी सांगते. चौकोनात काही मुली पळतात आणि एक मुलगी एका पायावर उड्या मारत त्यांना शिवते. शिवली ती बाद. पण लंगडी घालणारीचा उचललेला पाय जमिनीला लागला तर ती स्वतः बाद. आणि पाय बदलायचा नाही. उजव्यावर आत शिरलीस तर उजव्यावरच संपव. गावंडसर म्हणायचे, “ज्या पायावर नाचताय त्याची काळजी करू नका. तो दुखेल, बोंब मारेल, पण शुद्धीत राहील. वर धरलेला पाय झोपतो. घात तोच करतो. तो कधी टेकला ते तुमचं तुम्हाला कळत नाही.” माझा कायम टेकायचा. सरांनी शिट्टी मारली की मी भांडायचे, नाही टेकला सर, शप्पथ. हेमा रेषेबाहेरून शांतपणे म्हणायची, “टेकला गो.” तिला माझ्या पायाचं माझ्या आधी कळायचं.

लंगडीबद्दल मला पहिला संशय आला तो शब्दावरून. मराठीच्या बाईंनी क्रियापदं शिकवताना फळ्यावर खेळांची नावं लिहिली होती. कबड्डी खेळतात. खो-खो खेळतात. क्रिकेट तर खेळतातच. मी हात वर करून म्हटलं, बाई, लंगडी घालतात. बाई म्हणाल्या, बरोबर, फुगडी घालतात तशी. मग मी वहीच्या मागच्या पानावर बायका काय काय घालतात ते मांडत बसले. सडा घालतात, जेवायला घालतात, मुलांना आंघोळ घालतात, सासूबाईंसमोर मान खाली घालतात. त्यात लंगडी घालतात. ज्याला खेळतात असं म्हणतच नाहीत, त्याला खेळ कोण म्हणेल? मी हे हेमाला सांगितलं. ती म्हणाली, “तू मार्क मिळव, बाकीचा सोड.”

त्या थंडीत आमचा संघ तालुक्याला जिंकला आणि जिल्ह्याला अलिबागला गेला. एसटीतून जाताना पळस्पे फाट्यावर गाडी वळली आणि सगळ्या मुली ओरडल्या, कारण पनवेल सोडून इतक्या लांब सरांबरोबर जाणं हेच मोठं होतं. मैदानावर एक काका माइकवरून सूचना देत होते. मला त्यांचा आवाज अजून जसाच्या तसा ऐकू येतो: “कबड्डीच्या खेळाडूंनी मुख्य मैदानावर यावे. लंगडीच्या मुलींनी पाण्याच्या टाकीपाशी जावे.” खेळाडू आणि मुली. आम्ही टाकीपाशी गेलो. नळ गळत होता, चौकोनाचा एक कोपरा चिखलाचा. हेमा त्या चिखलातही घसरली नाही. तिने ओळीने मुली बाद केल्या, डोळे एका जागी लावून, तोंड मिटून. शेवटची मुलगी कोपऱ्यात सापडली तेव्हा तिने तिला हळूच शिवली, खांद्यावर हात ठेवावा तशी. आम्ही जिल्ह्यात दुसऱ्या आलो. पेला मिळाला. परतीच्या एसटीत हेमाने पाय पुढच्या सीटखाली ताणून ठेवला होता आणि पोटरीत गोळा आला की ती माझा दंड आवळायची. दंडावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. ते मला आठवतात, पण दुखल्याचं आठवत नाही.

आता मुद्द्याचं. हेमाच्या बापाने तिला सांगून ठेवलं होतं, की दहावीनंतर घरी यायचं. आईला मदतीला हात लागतोय, धाकटी दोघं आहेत. गावंडसर मामाला भेटले, मग करंजाला जाऊन बापालाही भेटून आले. म्हणाले, पोरगी जिल्ह्याला खेळली आहे, कॉलेजात खेळाच्या जागा असतात, तिथे तिला घेतील, पुढे पोलिसात वगैरे लागेल. बाप जाळं विणत होता म्हणे. मान वर न करता म्हणाला, “खेलाच्या जागेवर घेतला, तर शिकू दे. नाय घेतला, तर घरी.” एवढाच सौदा. मार्कांवर तिला कुठे मिळणार नव्हतं, सकाळ सगळी बाजारात जायची, ती पास झाली हेच पुष्कळ. म्हणजे लंगडी हा खेळ आहे की नाही, यावर हेमाने पनवेलमध्ये राहायचं की करंजाला परत जायचं हे ठरणार होतं. आम्हाला कुणालाच शंका नव्हती. खेळ नाही तर काय आहे? पेला शाळेच्या कपाटात होता.

जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी मी आणि हेमा एकदमच गेलो. कॉलेजचं नाव नको. माझा प्रवेश मार्कांवर आधीच झाला होता, मी पावती घ्यायला. तिच्याबरोबर मामा आणि गावंडसर. सर बाहेर कुणाशी तरी बोलत राहिले आणि तेवढ्यात हेमाचा नंबर लागला. मोठा हॉल, भिंतीला लावलेल्या बाकांवर पालक, ओल्या छत्र्यांच्या पाण्याचे ओघळ फरशीवर. टेबलामागच्या क्लार्कने मान खाली ठेवूनच विचारलं, “कुठल्या जागेतून?”

हेमा म्हणाली, “लंगरी.”

तिच्याकडे ड चा र होतो. गाडीची गारी, लंगडीची लंगरी. क्लार्कने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि फार चांगुलपणाने म्हणाला, “असं म्हणू नये बाळ स्वतःला. अपंगांच्या जागा त्या टेबलावर. गर्दी नाहीये तिथे, बसून घे.”

आणि ती गेली. तिला वाटलं, खेळाचं टेबल ते असेल. मला हे सगळं दिसत होतं आणि कळतही होतं. मी जागेवरून ‘हेमा’ म्हणून हाक मारली, पण हॉलमधल्या गोंगाटात ती कुणालाच ऐकू गेली नाही. त्या टेबलावर एक मॅडम होत्या. त्यांनी तिचे कागद बघितले, मग टेबलावरून वाकून तिचे पाय बघितले. म्हणाल्या, “चालून दाखव जरा.” हेमा चालली. सरळ, झपाझप, ती चालते तशी. मॅडम म्हणाल्या, “तुला काय झालंय?”

“मना काय झालाय?” हेमाने विचारलं. “मी लंगरीची प्लेअर हाय.”

तेव्हा बाक हसले. दुष्टपणे नाही. पावसात तास तास बसून कंटाळलेली माणसं होती, त्यांना हसायला काहीतरी मिळालं. एवढ्यात गावंडसर धावत आले, त्यांनी सगळं समजावलं, मॅडमही हसल्या, आणि सगळे मिळून खेळाच्या टेबलाकडे गेले. तिथले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी खेळाच्या जागांना कुठकुठले खेळ चालतात ते वाचून दाखवलं. बुद्धिबळ होतं. कॅरम होता. नेमबाजी होती. लंगडी नव्हती. सर म्हणाले, “कॅरम बसून खेळतात हो. ही पोरगी एका पायावर चौकोन पालथा घालते.” गृहस्थ म्हणाले, “मान्य आहे. लहानपणी आम्हीही घातली आहे लंगडी. पण तो स्पोर्ट नाही ना, सर.”

“दाखवू?” हेमा म्हणाली.

कुणी हो म्हणायच्या आत तिने चप्पल काढली, ओढणी कमरेला बांधली आणि उजवा पाय उचलला. हॉलच्या त्या टेबलापासून दारापर्यंत, दाराला हात लावून परत. ओली फरशी, तरी एकसारखे धप धप आवाज. लोकांनी पाय आत घेतले, कुणी पिशवी उचलली. पुन्हा दारापर्यंत, पुन्हा परत. कुणी हसत नव्हतं. परत आल्यावरही तिने पाय खाली घेतला नाही, तशीच उभी राहिली, डाव्या पायावर, त्या गृहस्थांकडे बघत. पाय टेकला की बाद, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं. शेवटी गावंडसरच म्हणाले, “हेमा, टेकव.” मग तिने टेकवला. मागून एका बाईने टाळ्या वाजवल्या, दोनचार जणांनी त्यात भर घातली. गृहस्थ म्हणाले, “छान. खरंच छान. पण माझ्या हातात नाही.”

बाहेर पायऱ्यांवर मामा तंबाखू मळत म्हणाला, “मगाशी त्या बाईसमोर जरा लंगरत चालली असतीस, तर काम झाला असता.” तो गंमत करत होता की खरंच म्हणत होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. हेमा चपलेचा अंगठा नीट करत होती. मी पावतीची घडी करून दप्तरात ठेवली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. सरांचे डोळे मात्र भरले होते, ते सारखा चष्मा पुसत होते. त्याच आठवड्यात ती करंजाला गेली.

मी पुढे बीकॉम केलं, बँकेत लागले, लग्न झालं, नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. कशासाठीही धावपळ अशी करावी लागली नाही, सगळं होत गेलं. नवरा सोफ्यावर आडवा होऊन क्रिकेट बघतो. मी एकदा त्याला विचारलं, खेळ कशाला म्हणायचं? तो म्हणाला, “जो टीव्हीवर दाखवतात तो.” विचार केला तेव्हा हे उत्तर आधी वाटलं तेवढं वेडगळ राहिलं नाही. घाम हे माप लावावं, तर न्हावा शेवाच्या रस्त्यावर ट्रेलरचं टायर बदलणारे सगळे खेळाडू ठरतील. कौशल्य म्हणावं, तर करंजाच्या धक्क्यावर डोक्यावर पाटी घेऊन हलत्या फळीवरून लिलावाकडे पळत सुटणाऱ्या बायका ठरतील. हरणं-जिंकणं म्हणावं, तर ते कुठे नाही? रेघ मारलेली पाहिजे आणि कुणीतरी शिट्टी घेऊन बघत असलं पाहिजे, एवढंच उरतं. आणि कुणी बघायचं, हे ज्यांना आधीच खेळाडू म्हणतात ते ठरवतात.

मधल्या वर्षांत लंगडीचेही दिवस पालटले. संघटना झाली, मोठ्या स्पर्धा होऊ लागल्या, सईच्या इंग्रजी शाळेत तर लंगडीसाठी मेडल आहे. सई म्हणते, “आय प्ले लंगडी.” प्ले. तिला घालणं वगैरे माहीत नाही. माझ्या जिभेवर ‘घालते’ आलं, पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

थंडीत एकदा तरी मी करंजाला जाते. सांगायला सुकी मासळी आणायला जाते. हेमाचं लग्न तिथल्या तिथेच झालं, नवरा बंदरात कंटेनरवर आहे, ती बोंबील वाळत घालते, विकते. यंदा ती फक्की पडली त्यानंतरच्या रविवारी नवरा, सई आणि मी असे तिघं गेलो. रस्ताभर ट्रेलर, गाडी मुंगीच्या पावलाने. करंजाला वाऱ्यावर बोंबलांच्या माळा हलत होत्या आणि हेमा परातीतली सुकट उलटीपालटी करत होती. अंगाने भरली आहे, केस पुढून पांढरे. “आली का गो मने,” म्हणाली आणि काम चालूच.

सईला राहवेना. तिने तिथेच वाळूत काठीने चौकोन काढला आणि मावशीला लंगडी दाखवायला लागली. हेमा हातातली परात तशीच धरून बघत राहिली. तोंड मिटलेलं, डोळे एका जागी. सईचा आवाज माझ्यासारखा आहे, थांबत थांबत येणारा.

“टेकला,” हेमा म्हणाली.

“नाही टेकला, मावशी.”

“टेकला गो बाय.”

मग मी तिला सांगितलं. जे सांगायला मी इतकी वर्षं बिचकत होते ते अगदी सहज तोंडातून गेलं. म्हटलं, “हेमा, आता लंगडीला खेळ म्हणतात. मान्यता मिळाली. मुलींना मेडलं मिळतात, पुढे जागाही मिळत असतील.”

मला वाटलं ती हसेल, नाहीतर एखादी शिवी हासडेल. तिने सुकटीतून एक काडी उचलून फेकली. मग विचारलं, “पाय बदलाला देतान का आता?”

“नाही,” मी म्हटलं. “पाय बदलायचा नाही. तो नियम तसाच आहे.”

“मंग खेलच हाय,” ती म्हणाली, आणि परात दुसऱ्या बाजूला फिरवली.

परतीच्या वाटेवर बोंबलांची गाठोडी माझ्या पायांशी ठेवली होती. जागा नव्हती म्हणून एक पाय मी सीटवर दुमडून घेतला होता. ट्रेलरच्या रांगेत गाडी फार वेळ एका जागी उभी होती. मला गावंडसरांचं आठवलं. ज्या पायावर नाचता तो दुखतो पण शुद्धीत राहतो. वर धरलेला पाय झोपतो. आम्ही दोघींनी मिळून जणू एकच लंगडी घातली, तिच्यात उचललेला पाय मी होते. मला कुणी जमिनीला लागू दिलं नाही. दुखायचं ते सगळं तिच्याकडे गेलं.

पाय हलवून बघितला. हलेना. हाताने उचलून खाली घेतला, गाठोड्यांच्या मधे जागा करून टेकवला. आधी काहीच नाही. मग टाचेतून मुंग्या सुटल्या, घोट्याला आल्या, पोटरीत शिरल्या, आणि असं दुखायला लागलं की मला नवऱ्याचा दंड धरावा लागला. तो म्हणाला, “काय झालं गं?” डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना.

मागच्या सीटवरून सई पुढे वाकली. तिने माझ्या पायाकडे बघितलं आणि नुकतंच शिकलेलं मोठ्या खात्रीने सांगितलं, “आई, टेकला. तू बाद.”

“हो,” मी म्हटलं. “टेकला.”